पन्नास किलोची गोणी आणि पाऊण किलोमीटरचा चढ

या वेळचं पत्र धडगाव तालुक्यातनं आलंय, सातपुड्यातल्या एका पाड्यावर पाण्याच्या टाकीचं काम चालू आहे तिथल्या सुपरवायझरचं. पोरगा डिप्लोमा करून दोन वर्षं झालेला. थोडक्यात देतो.

"काका, गाडी खाली ओढ्यापर्यंतच येते. तिथनं पुढे ७०० मीटर पायवाट आणि अंदाजे १२० मीटर चढ. सिमेंट, वाळू, खडी, सळई, पाणी सगळं हेडलोडनं, म्हणजे माणसांच्या डोक्यावरनं. मजूर बारा, सात पुरुष पाच बाया, रोज माणशी बारा खेपा होतात. गेल्या आठवड्यात एक जण सिमेंटच्या गोणीसकट मुरमावरनं घसरला, कंबर धरलीय, तीन दिवस झाले झोपून आहे. एका ताईंच्या मानेतनं हातापर्यंत कळ जाते. शेठ म्हणतात माणसांना नीट उचलायला शिकव आणि कमरेचे पट्टे मागव. पावसाच्या आत टाकी उभी करायचीय. मला रात्री झोप लागत नाही, काय करू सांगा."

बाळा, आधी त्या घसरलेल्या माणसाचं बघ, बाकी सगळं नंतर. त्याला आजच्या आज विचार की लघवी नीट होतेय का, बैठकीच्या जागी किंवा जांघेत बधिर वाटतंय का, पायातली ताकद कमी झालीय का. यातलं एक जरी हो म्हणाला तर तासभरही थांबू नको, १०८ ला फोन लाव आणि खाली उतरव, कारण तिथे मणक्यातली नस दबलेली असू शकते आणि उशीर झाला तर ते नुकसान भरून येत नाही. यातलं काही नसलं तरी तो वजनासकट पडलाय, त्यामुळे धडगावला नाहीतर नंदुरबारला सिव्हिलला नेऊन मणका तपासून घे. डॉक्टरनी फ्रॅक्चर नाही म्हणून सांगितलं की मग त्याला आठ-आठ दिवस खाटेवर पाडून ठेवू नका, साध्या धरलेल्या कमरेला थोडं थोडं चालतं-फिरतं ठेवलेलं बरं असतं, पण वजन अजिबात नको. आणि त्याची रोजी कापू नको रे. पैसे बंद झाले की तो चौथ्या दिवशी परत गोणीखाली येईल, मी बघितलंय हे.

त्या ताईंनाही डोक्यावरचं ओझं आजपासून बंद. मानेतनं हातात कळ जाते म्हणजे मानेची नस कुरकुरतेय, त्यांना खालच्या स्टॉकवर मोजणीचं काम दे आणि डॉक्टरला दाखव.

आता शेठच्या सल्ल्याचं. ते मनानं वाईट नसतील, पण हा सल्ला अपुरा आहे आणि तो जवळपास प्रत्येक साइटवर दिला जातो म्हणून जरा सविस्तर सांगतो. गुडघ्यात वाक, पाठ सरळ ठेव, ओझं अंगाशी धर, कमरेतनं पिळू नको, हे सगळं खरं आहे आणि शिकवायलाही हवं. पण जगभरातले अभ्यास एकत्र करून बघितले गेले तेव्हा नुसत्या शिकवण्यानं कंबरदुखी कमी होते असं काही दिसलं नाही, आणि पट्ट्यांचंही तेच. पट्टा बांधला की माणसाला उगाच वाटतं आता अजून दहा किलो पेलेल. त्यात तुझ्या पाड्यावरच्या माणसांना ओझं वाहायला तू काय शिकवणार, ती लहानपणापासून चुंबळ डोक्यावर ठेवून पाणी आणतायत, दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जाऊन मोळ्या वाहून आलीयत. त्यांची कंबर कामावर यायच्या आधीच झिजलेली आहे.

मुंबईच्या बाजारात एकेकाळी १०० किलोची पोती माथाडी पाठीवर वाहायचे. आज नवी मुंबईच्या बाजारात ५० किलोच्या वरची गोणी आली तर माथाडी हात लावायला नकार देतात. अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांना एकत्र आणलं, १९६९ ला माथाडी कायदा झाला, आणि संघटनेनं गोणीच्या वजनावरच बोट ठेवलं. कुणी येऊन वाकायचं कसं हे शिकवलं म्हणून त्या पाठी वाचलेल्या नाहीत.

म्हणून तू आज रात्री वही घेऊन बस आणि माणसं बाजूला ठेवून आधी मालाचा हिशोब कर. साइटवर हा हिशोब कुणी करत नाही, सगळे फक्त गोण्या मोजतात. तुझी टाकी धरू २० हजार लिटरची, म्हणजे सगळं मिळून साधारण १२ घनमीटर कॉंक्रीट. एका घनमीटरला सिमेंट ८ गोण्या म्हणजे ४०० किलो, वाळू ७०० च्या आसपास, खडी १२०० च्या आसपास आणि पाणी २०० लिटर. जवळजवळ अडीच टन झाले. बारा घनमीटरचे ३० टन, आणि यात सळई नाही, सेंट्रिंग म्हणजे कॉंक्रीट ओतायचा साचा नाही, क्युरिंगचं म्हणजे ओतलेलं कॉंक्रीट ओलं ठेवायचं पाणी नाही. हे ३० टन तू बारा माणसांच्या डोक्यावरनं वर चढवतोयस. बारा खेपा म्हणतोस ना, म्हणजे एका माणसाचं दिवसाचं चालणं जाऊन-येऊन जवळजवळ १७ किलोमीटर आणि चढ १४४० मीटर. कळसूबाईचं शिखर समुद्रापासून १६४६ मीटर आहे. रोज एवढं, ते पण अर्धा वेळ ओझं घेऊन, आणि एप्रिल-मेच्या उन्हात. यात कुणी घसरलं नसतं तरच नवल होतं.

शेठ म्हणतील नियमात बसतंय. बांधकाम कामगारांच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत प्रौढ पुरुषाला ५५ किलो आणि बाईला ३० किलो अशी कमाल मर्यादा घातली होती, त्या हिशोबानं ५० ची गोणी कागदावर बसते खरी, निदान पुरुषांच्या बाबतीत. बायांच्या डोक्यावर ती एकदाही गेली असेल तर ते नियमाबाहेर आहे हे शेठना आधी सांग. पण ही वरची हद्द आहे, तिथपर्यंत रोज गेलंच पाहिजे असं नाही. अमेरिकेत उचलण्याचं जे गणित वापरतात ते २३ किलोपासून सुरू होतं, तेही ओझं अंगाशी, कमरेच्या उंचीला, पाय सपाट जमिनीवर असतील तर, आणि परिस्थिती बिघडेल तसा आकडा खाली येतो. इंग्लंडात पुरुषाला २५ आणि बाईला १६ किलोच्या वर गेलं की थांबून विचार करा म्हणतात. तुझ्याकडे तर चढ आहे, मुरूम आहे, ऊन आहे.

आणि एक गोष्ट तुला सांगतो जी मला वाचल्यावर कित्येक दिवस डोक्यातनं गेली नव्हती. आपल्याकडे ओझ्याच्या जनावरांचे १९६५ चे नियम आहेत. गाढवावर ५० किलोच्या वर लादायचं नाही, दिवसाला नऊ तासांच्या वर नाही, सलग पाच तासांच्या वर नाही, आणि तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथे दुपारी १२ ते ३ काम नाही. म्हणजे तुझ्या साइटवर माणसाच्या डोक्यावर गाढवाच्या मर्यादेएवढं ओझं आहे आणि दुपारची सुट्टी पण नाही.

तर पहिलं काम वजन फोडणं. सिमेंट डीलरला २५ किलोची गोणी मिळते का विचार, नाही मिळाली तर खाली ओढ्याशी ताडपत्रीच्या आडोशाला ५० ची गोणी दोन पोत्यांत वाटायची, आत प्लॅस्टिकची पिशवी घालून तोंड घट्ट बांधायचं, आणि उद्या जेवढं लागणार तेवढंच फोडायचं कारण फोडलेलं सिमेंट दमट हवेत लवकर धरतं. फोडणाऱ्याला तोंडाला मास्क आणि हातात रबरी मोजे दे, सिमेंट घामाशी मिळालं की कातडी खातं. वाळू-खडीला मी रंगाचा रिकामा २० लिटरचा डबा वापरायचो. काठोकाठ वाळू भरली तर ३२ किलो होतात, म्हणून आतनं १२-१३ लिटरला ऑइलपेंटची लाल रेघ मारायची, तिथपर्यंत भरलं की २० किलो. पहिले चार डबे हुकाच्या काट्यावर तोलून बघ म्हणजे भरणाऱ्याला अंदाज येतो. ओली वाळू असली तर रेघेच्या दोन बोटं खाली थांबायचं, पाणी पण वजनच आहे, आणि मुळात वाळूचा ढीग झाकून ठेवायचा. सिमेंटचं २५ किलोचं पोतं फक्त धडधाकट गड्यांनी घ्यायचं. बायांना १५ च्या वर देऊ नको. कुणी गरोदर असेल तर ओझं अजिबात नाही, आणि हे चारचौघांत विचारायचं नाही, एखाद्या मोठ्या बाईकरवी हळूच विचारून घ्यायचं.

पण नुसतं वजन फोडून भागत नाही, आणि इथे माझी चूक सांगतो. नव्वदच्या दशकात घाटाखाली एका बंधाऱ्याच्या कामावर होतो, मी पण तुझ्याएवढाच. पैसे खेपेवर ठरलेले होते, मी झाडाखाली बसून वहीत रेघा मारायचो, एक खेप एक रेघ, आणि संध्याकाळी जास्त रेघा झाल्या की मला बरं वाटायचं. एक तरणा गडी होता, लग्न ठरलेलं, तो पळत जायचा आणि पळत यायचा. चौथ्या का पाचव्या दिवशी उतरताना नव्हे, चढताना, पानांवरनं त्याचा पाय गेला, गोणी मानेवर आली. त्याचा हात मुंग्यांनी भरलेला असायचा पुढे कितीतरी महिने, लग्नाच्या हळदीलाही त्याला तो हात नीट उचलता आला नाही. त्याला पळायला कुणी लावलं तर माझ्या रेघांनी. वजन निम्मं केलंस आणि खेपेचा दर तोच ठेवलास तर लोक दुप्पट पळतील, दर निम्मा केलास तर दोन पोती एकदम घेतील. म्हणून रोजंदारी कर, आणि दिवसाच्या खेपा ठरवून टाक. त्या चढावर सातच्या वर नको. सात झाल्या की हजेरी पूर्ण, मग दुपार झालेली असो नाहीतर अकरा वाजलेले असोत. पाच-सहा दिवसांत तुला दिसेल की घाई आपोआप गेली.

आता तू म्हणशील काका, बारा माणसं, सात खेपा, सरासरी २० किलो, म्हणजे दिवसाला १७०० किलोच्या आतच, पाणी सोडून २७ टनांना सोळा-सतरा दिवस लागतील, पाऊस येईल. बरोबर आहे. म्हणून पुढचं काम, माणसावरचा माल कमी करणं.

गाढवं बघ. बेलदार, वडार, कुंभार मंडळींकडे अजून गाढवं आहेत, वीट-वाळूची कामं करतात, जेजुरीला पौष पौर्णिमेला गाढवांचा बाजार भरतो तो याच कामांच्या जिवावर. गडकिल्ल्यांच्या डागडुजीचा माल पण त्यांच्याच पाठीवरनं वर जातो. दहा गाढवं, दोन्ही बाजूंना २५-२५ किलो, आठ खेपा, म्हणजे दिवसाला ४ टन. तुझा सगळा सुका माल आठवड्यात वर. तू २५ ची पोती केलेलीच आहेस, ती बरोबर दोन बाजूंना बसतात. पाठीवर जाड गोणपाटाची गादी आहे का बघ, कुठे जखम असेल तर ते जनावर परत पाठव, आणि वर-खाली दोन्हीकडे पाण्याची टाकी ठेव. वर सांगितलेली बारा ते तीनची सुट्टी त्यांना दे, आणि तीच सुट्टी माणसांना पण.

पाणी डोक्यावरनं नेणं मात्र आजच बंद कर. कॉंक्रीटचं २४०० लिटर लोक मोजतात, पण क्युरिंगचं कुणी मोजत नाही आणि ते कितीतरी जास्त असतं, आणि ते हंडे नेमके बायांच्या डोक्यावर येतात. ओढ्यापासून वरपर्यंत एक इंची काळा पाइप टाक, एकदाच वाहायचा. १२० मीटर चढाला साधा छोटा पंप पुरणार नाही, तेव्हा १५० मीटर हेडचा, म्हणजे तेवढ्या उंचीवर पाणी चढवणारा घे नाहीतर मध्ये एक ड्रम ठेवून दोन टप्प्यांत चढव, आणि पाइप घेताना प्रेशर रेटिंग बघून घे, खालच्या टोकाला चौरस सेंटीमीटरला १२ किलोच्या वर दाब येतो, शेतीतला पातळ पाइप फाटेल. क्युरिंगला गोणपाट गुंडाळून वरनं प्लॅस्टिक लावलं की पाणी बरंच कमी लागतं.

सळईचं काम खाली रस्त्यावरच कर. १२ एमएमचा १२ मीटरचा पूर्ण बार १०-११ किलोच भरतो, वजनाचा प्रश्न नाही, पण पायवाटेच्या वळणावर मागचं टोक झुडपात अडकतं आणि पुढचा माणूस कोलमडतो. बीबीएस, म्हणजे कुठली सळई किती लांब आणि कशी वाकवायची याचा तक्ता, घेऊन खालीच कापायचं, वाकवायचं, बारक्या जुड्या बांधून न्यायच्या. लांब बार न्यायचाच झाला तर दोघं, दोघांनी एकाच बाजूच्या खांद्यावर घ्यायचा, आणि टाकताना एकानं बोलून एकदम टाकायचं.

वाटेवर दोन दिवस घाल. शेठला हे दोन दिवस वाया वाटतील, पण पडलेला माणूस याच वाटेवर पडलाय. सुटा मुरूम खरवडून काढ, तीव्र जागी दगडी पायऱ्या बसव, उंची सहा इंचांच्या आसपास आणि सगळ्या सारख्या. एक पायरी उंच, एक ठेंगणी असली की ओझं घेतलेला माणूस तिथे चुकतो, त्याला पाय दिसत नाही. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वेगळी वाट जमली तर फारच छान, नाहीतर मध्ये दोन-तीन ठिकाणी बाजूला उभं राहण्याएवढी जागा कर.

आणि दर दीडशे-दोनशे मीटरवर एक ओटा बांध. केरळात जुन्या वाटांवर दगडी चुमडुतांगी असतात, दोन उभे दगड आणि वर आडवा, डोक्याच्या उंचीला, वाटसरूनं कुणाची मदत न घेता ओझं त्यावर सरकवायचं, दम खायचा आणि परत ओझ्याखाली डोकं घालून उचलायचं. तेवढा उंच नको, तुझ्याकडे खांद्याच्या थोडा खाली येईल असा सुक्या दगडांचा रच, लोकांना उभं करून उंची ठरव. कारण कंबर चालताना कमी जाते, जमिनीवरनं उचलताना आणि डोक्यावर देताना जास्त जाते. हाच नियम खालच्या आणि वरच्या स्टॉकला पण लाव, पोती जमिनीवर नकोत, कमरेएवढ्या फळ्यांवर ठेव म्हणजे वाकायलाच लागत नाही. सिमेंटची थप्पी दहा गोण्यांपर्यंत लावायला चालते असं आपण शिकलो, पण हातानं उतरवायची असेल तर पाचावर थांब.

डोकं की कावड हे तू ठरवू नको, त्यांना विचार. सातपुड्यातले गडी कावडीवर दोन बाजूंना ओझं तोलून बरं चालतात, मान मोकळी राहते. बायांना चुंबळीची सवय असते. मी एकदा सगळ्यांना एकच पद्धत लावली होती, दोन दिवसांत निम्मे लोक खांदे सोलून घेऊन आले.

शेवटचा तीस-चाळीस मीटरचा टप्पा अगदीच उभा असेल तर विंच (दोर गुंडाळून ओढायचं यंत्र) आणि घसरगाडीचा विचार कर, पण अँकर पक्क्या खडकात असेल, दोर रोज तपासला जाणार असेल आणि गाडी चालू असताना खालच्या रेषेत एकही माणूस उभा राहणार नाही याची खात्री असेल तरच. घरगुती जुगाड करून दोर बांधण्यापेक्षा गाढवं बरी.

अजून एक, आणि हे उद्याच कर. पाड्यावरनं एखादा पडला तर त्याला खाली कसं नेणार? तुमच्याकडे आजारी माणसाला बांबूच्या झोळीतनं नेतात, मला माहितीये. पण मणक्याला लागलेला माणूस झोळीत वाकतो. सेंट्रिंगच्या प्लायची एक माणूसभर लांब फळी, सहा पट्टे, दोन चादरी, हे वर ठेव. मोबाईलची रेंज कुठल्या दगडावर येते ते सगळ्यांना दाखवून ठेव. चार माणसांची नावं ठरव जी फळी उचलतील, आणि एकदा एखाद्या धडधाकट पोराला बांधून खालपर्यंत नेऊन बघ, किती मिनिटं लागतात ते वहीत लिही. कामगारांची बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी झालीय का बघ, वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो ठेकेदाराला देता येतो, शेठच्या मागे लागून सही घे.

शेठशी कसं बोलायचं, हा तुझ्या पत्रात न लिहिलेला प्रश्न आहे ना? रागावून जाऊ नको, कागद घेऊन जा. एका बाजूला ३० टनांचा हिशोब, गाढवांचा दर, पाइप-पंपाचं भाडं, वाटेचे दोन दिवस. दुसऱ्या बाजूला बारातला एक माणूस झोपून, एक बाई निम्म्या कामावर, त्यांचा दवाखाना, आणि अजून एक पडला तर थांबणारं काम. एस्टिमेट काढून बघ, लीड (माल वाहून न्यायचं अंतर) कुठपर्यंतचा धरलाय, रस्त्यापर्यंतचा की टाकीपर्यंतचा, पुष्कळदा पायवाटेचा हेडलोड धरलेलाच नसतो आणि ते पैसे मग मजुराच्या पाठीतनं निघतात. नसेल धरला तर ७०० मीटर मोजून, फोटो काढून, खात्याच्या इंजिनिअरला साइटवर बोलावून एक खेप त्याच्यासोबत चालून घे, रिकाम्या हातानं का होईना, आणि मग जादा लीडचा अर्ज दे. तरीही शेठ नाहीच म्हणाले तर वजन फोडणं, खेपांची हद्द, दुपारची सुट्टी आणि ओटे, या चार गोष्टींना वेगळा खर्च फारसा लागत नाही, त्या तू तुझ्या हातानं उद्या सकाळी सुरू करू शकतोस.

पहिला ओटा त्या घसरणीच्या खाली बांध, वर नको, लोक दमून त्या मुरमावर येऊ नयेत. आणि त्या माणसाला डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव, त्या ताईंचं पण.